निळा अंगठा

"तुझं नाव त्या पेपरातल्या मन्मथनंच सांगितलं की आम्हाला," गुत्तेदार विरूपाक्ष म्हणाले आणि शाईची डबी त्यांनी मलप्पापुढं सरकवली.

मलप्पाला खरंच वाटेना. तो त्यांच्या टँकरवरचा ड्रायव्हर. लातूर नवा जिल्हा झाला तसा गावात जो तो बांधकामाला लागला होता, आणि पावसानं नेमकी तेव्हाच दडी मारली. औशाकडच्या खेड्यांना टँकरनं पाणी पोचवायचा सरकारी ठेका, म्हणजे गुत्तं, विरूपाक्षांचं. लातुरात तीन मजली लॉज उभी राहत होती, तीही त्यांचीच. दिवसाच्या तीन खेपांतली एक खेड्याला जायची, दोन लॉजच्या हौदात रिकाम्या व्हायच्या. एकदा धुरपताबाई नावाची म्हातारी रिकामी घागर घेऊन टँकरला आडवीच आली. "मलप्पा, आमचं पाणी कोण पिऊन राहिलंय रे?" त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. दोन दिवसांनी त्यानं पेपरात बातम्या लिहिणाऱ्या मन्मथला सगळं सांगून टाकलं.

"पण लेकरा, माझं नाव न्हाई आलं पायजे," तो हात जोडून म्हणाला होता. "घरी सहा तोंडं हायेत. उद्या कुणीबी इचारलं तर मलप्पाला वळखत न्हाई म्हनायचं."

मन्मथनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. "शिवाची आण, मामा. वळखत न्हाई."

मलप्पाही लिंगायतच, तसंच लिंग त्याच्याही गळ्यात होतं. त्याच्यापुढं याहून मोठा शब्द कोणता असणार! तो निर्धास्त होऊन घरी गेला. बातमी छापून आली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं.

आणि आता हे.

"तो आसं करायचा न्हाई, अप्पा," मलप्पा कसाबसा म्हणाला.

"न्हाई? मग लिंग हातात घेऊन त्यानं तुला आण दिली, ते मला कसं कळलं?"

मलप्पाच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या वेळी तिथं दोघंच होते. तिसरं माणूस नव्हतं. म्हणजे मेल्यानं देवाची आणही विकली! तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या भरवशावर जिवावरची गोष्ट बोललो, त्यानंच गळा कापला.

विरूपाक्षांनी कागद वाचून दाखवला. बातमी मीच दिली, ती धादांत खोटी आहे, पत्रकारानं मला शिंदी पाजून ती वदवून घेतली. मलप्पा जन्मात शिंदीला शिवला नव्हता. हे सगळं खोटं आहे, हेही त्याला कळत होतं. पण त्याला आता मन्मथ बुडालेला बघायचा होता.

"अंगठा दे. तुझं काम जात न्हाई," विरूपाक्ष म्हणाले.

त्यानं अंगठा दाबला. शाई पुसायलाही तो थांबला नाही. तडक बाजारातल्या गोलाईजवळच्या पेपरच्या कचेरीकडं निघाला. भर बाजारात त्या पोराच्या तोंडावर थुंकायचं, एवढंच डोक्यात होतं.

जिना चढून तो दारात आला आणि तिथंच थबकला. आत मन्मथ उभा होता. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला, डोळा सुजून मिटलेला. समोर पेपरचे मालक गुंडप्पा तावातावानं टेबल आपटत होते.

"गुत्तेदाराच्या मानसांनी हाड मोडलं तरी तुझी खोड जाईना! अब्रुनुकसानीची नोटीस माझ्या नावावर आलीय. कोण ड्रायव्हर त्यो? नाव सांग, न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

"मग येत न्हाई, मालक," मन्मथ म्हणाला. "पण नाव मिळायचं न्हाई."

मन्मथनं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं, हे मलप्पाला कळून चुकलं. अरे देवा, हे काय करून बसलो मी! तेवढ्यात मागून जिन्यात चपला वाजल्या. विरूपाक्ष त्याला बाजूला सारून आत शिरले आणि त्यांनी कागद टेबलावर पसरला.

"ह्याला कशाला छळता, गुंडप्पा? ह्ये घ्या नाव. ह्ये पोरगं दिसंल त्याला लिंग हातात घेऊन शब्द देतं, सगळ्या औशाला ठावं हाय. म्या माझ्या तिन्ही ड्रायव्हरला येकेक करून बोलावलं, तिघांलाबी तेच सांगितलं, की त्यानं तुझं नाव फोडलं. दोघं हसून निघून गेले." मग त्यांनी दाराकडं बोट केलं. "ह्या शाण्यानं अंगठा दिला."

मन्मथनं कागद उचलला. शिंदीच्या ओळीपर्यंत वाचला आणि मान वर केली. दारात मलप्पा निळा अंगठा मुठीत दाबून उभा होता. शरमेनं त्याला वर बघवत नव्हतं. आता हा शिव्या देईल, निदान तेवढं तरी करील, असं त्याला वाटलं. तशी त्याची इच्छाच होती.

मन्मथनं कागद होता तसा खाली ठेवला.

"अंगठा काय, कुणाचाबी आसतो, मालक," तो म्हणाला. "ह्या मामाला मी वळखत न्हाई."