निम्म्याहून कमी

“या आठवड्यात दोनच?” सिस्टरनं नोंदवहीवरून मान वर न करता विचारलं.

“दोनच,” मुंगीची आई म्हणाली आणि मांडीवर बसलेल्या लेकीचे केस उगाच कानामागे सारू लागली.

झटके नऊ आले होते. शेवटचा तर आज सकाळीच, बूट घालताना. मुंगीचे डोळे वर गेले, एक हात ताठ झाला. आईनं तिला कुशीवर वळवलं आणि मनातल्या मनात आकडे म्हटले. छत्तीसपर्यंत. मग पोरीचं तोंड पुसलं, दुसरा बूट चढवला आणि दोघी दवाखान्यात आल्या.

“औषधाच्या चाचणीआधी चौदा यायचे ना आठवड्याला? मग गुण आलाय म्हणायचा,” सिस्टर हसली. “मी खरं तर असं बोलायचं नाही हं. कोणाला औषध आणि कोणाला साधी गोळी, हे मलासुद्धा माहीत नाही.”

मुंगीच्या आईला मात्र माहीत होतं. चाचणीत चोवीस मुलं होती. बारा जणांना खरं औषध, बारा जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली गोळी. गोळी सुरू झाल्यावर पहिले दहा दिवस मुंगीला एकही झटका आला नव्हता. शिवाय ती दुपारभर पेंगायची. औषधाशिवाय असं होईल का कधी? तिनं स्वतःच पुरावा दिला आणि स्वतःच तो मान्य केला. नंतर झटके परतले, तेव्हा डोस कमी पडत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आणि औषध बनवणाऱ्या कंपनीचे साहेब पालकांना भेटून गेले, त्या दिवसापासून तिनं घरी रोजचे झटके मांडायच्या नोंदवहीत हात राखून लिहायला सुरुवात केली.

साहेब कंपनीच्या पैशांचं बघायचे. माणूस सरळ बोलणारा होता. “हा आजार फार थोड्या मुलांना होतो,” ते म्हणाले. “त्यामुळे मोठ्या कंपन्या इकडे फिरकत नाहीत. आमच्याकडे वर्षअखेरपर्यंत पुरतील एवढे पैसे आहेत. गुंतवणूकदार एकच गोष्ट विचारतात, किती मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले? ते दाखवता आलं, तर पुढचे पैसे येतील आणि तुमच्या चोवीसही मुलांना खरं औषध मोफत मिळेल. मोठी होईपर्यंत.”

“आणि नाही दाखवता आलं तर?” कोणीतरी विचारलं.

“तर ते डोकेदुखीच्या गोळीत पैसे घालतील. डोकं सगळ्यांचंच दुखतं.”

मागच्या रांगेतले एक बाबा उठले. हे ड्रायव्हर होते, गणवेशातच आले होते. “म्हणजे आमच्या पोरांचा आजार परवडत नाही म्हणायचा.”

“मी असं नाही म्हटलं.”

“मग कसं म्हणतात ते सांगा साहेब, आम्ही शिकून घेतो.”



घरी सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. “अगं, काल तीन आले ना? मी स्वतः धरलं होतं तिला. इथे तर एकच खूण दिसतेय.”

“आई, कंपनी बुडाली तर पुढे औषध कुठून आणायचं? तुम्ही आणाल?”

 सासूबाई नोंदवही सुनेकडे सरकवून म्हणाल्या, “मग तो एक तरी कशाला ठेवलास?”

“अगदी कोरं पान दिसलं तर संशय येईल.”

“शिकलेली आहेस खरी,” सासूबाई म्हणाल्या. हे कौतुक होतं की टोमणा, ते तिला कळलं नाही.

चाचणी संपली, गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या. पंधरा दिवसांनी सिस्टरचा फोन आला, “निकाल लागलाय. साहेब स्वतः बोलणार आहेत, नक्की या.” मुंगीच्या आईनं फोन ठेवला. कळलं वाटतं! वाटेत तिनं तीन सबबी तयार केल्या आणि तिन्ही तिलाच पटल्या नाहीत.

पण साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “औषधाच्या गटात,” ते म्हणाले, “बारापैकी आठ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले.”

“आठ!” कोणीतरी टाळी वाजवली. मुंगीच्या आईनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला. मुंगीही त्या आठांत असणार. तिचं खोटं कामी आलं होतं.

साहेबांचा चेहरा हलला नाही. “पण साध्या गोळीच्या गटातही तिघांचे झाले. दोघांचेच झाले असते, तर आम्ही नियमात बसलो असतो. तीन झाल्यामुळे आठ हा आकडा योगायोगही असू शकतो, असं धरलं जातं. गुंतवणूकदारांनी काल नकार कळवला. औषध आजपासून बंद.”

टाळी वाजवणारे हात तसेच हवेत राहिले.

“एका पोरासाठी?” ड्रायव्हर बाबांनी विचारलं.

“एका मुलासाठी.”

“माझ्या मुलाला दोन महिने झटका आला नाही साहेब. परवा पहिल्यांदा त्याला एकट्याला झोपाळ्यावर बसू दिलं.” ते खाली बसले.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. सिस्टर प्रत्येकाच्या नावाचं पाकीट वाटू लागली. कोणाचं मूल कोणत्या गटात होतं, ते आता सांगायला हरकत नव्हती. मुंगीच्या आईला रडण्यामुळे अक्षरं दिसेनात. तिनं पाकीट तसंच सिस्टरकडे परत दिलं, “तुम्हीच वाचा.”

सिस्टरनं वाचलं. मग ती शेजारच्या खुर्चीवर टेकली, ड्रायव्हर बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “अहो, तुम्ही कशाला रडताय? औषधाचा कणही पोटात न जाता मुंगी बरी झालीय तुमची.”