मागचा हिरवा

राजरत्नने फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर शिंजीर आला. अंगठ्याएवढा पक्षी, पिवळं पोट, जास्वंदीच्या फुलात खुपसलेली बाकदार चोच. मागे नुसता हिरवा रंग. त्याने पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. पक्षी मान वळवत होता, फुलं बदलत होती, मागचा हिरवा तेवढा तसाच.

"काका, फोटो काकूंचा लावायचाय ना? उद्या कार्य आहे म्हणालात," राजरत्नने जपून विचारलं.

"ह्यातच आहे ती," तुळशीदास म्हणाले.

त्यांच्या मुलीने, प्राचीने, त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आई गेल्यापासून बाबांचं काही खरं नाही हे तिला न बोलताच म्हणायचं होतं. तिने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला. "राजू, ह्यातला एक घे. माझ्या लग्नातला आहे, नाहीतर मग आधार कार्डाचा."

"आधारचा नको. पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. आणि लग्नात त्या पार्लरवालीने पार दुसरीच बाई करून टाकली होती." तुळशीदासांनी मोबाइल तिच्याकडे परत सरकवला. "घरात लावायचा तर माझ्या हातचा लावायचा."

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. निवृत्त झाल्यापासून गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा हा माणूस. ह्यांचे शिंजीर कॅलेंडरावर छापून आलेले, अख्ख्या करी रोडला ह्यांचं कौतुक. आणि बायकोचा म्हणून एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी पडद्यावरच्या हिरव्यावर बोट ठेवलं. "ही मालन."

मग राजरत्नला सांगावं लागलं. गॅलरीच्या टोकाला जास्वंदीची कुंडी. तिच्यामागे शेजाऱ्यांचं पिंप, चपलांचा रॅक, वाळत घातलेल्या चड्ड्या. तुळशीदासांना चौकटीत पक्षी हवा, फूल हवं, तिसरं काही म्हणता काही नको. म्हणून मालन कुंडीमागे स्टुलावर बसायची आणि हिरवी साडी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर ताणून धरायची. हात भरून आले तरी हलायची नाही, कारण हललं की पक्षी उडतो आणि नवरा चिडतो. ती साडीसुद्धा तिच्या दिवाळीची. दादरच्या दुकानात ती मोरपंखी हातात घेऊन उभी होती, ह्यांनी शेवाळी घ्यायला लावली. मोरपंखीपुढे पक्ष्याचा रंग मरतो म्हणे.

"मागचं साफ करता येईल का रे? एवढी मशिनं आलीत आता."

राजरत्नने खाली मान घातली. "फार तर साडीची वीण दिसेल, काका. साडीमागचं माणूस कुठून आणू?"

तो उगीच पुढचे फोटो सरकवत राहिला. एका फोटोच्या कडेला चार बोटं दिसली, साडीचा काठ गच्च धरलेली.

"तो अजून कापायचा राहिलाय," तुळशीदास सवयीने म्हणाले, आणि पडद्याकडे वाकले. त्या बोटांवर हळदीचा डाग होता. ह्या डोळ्यांना पक्ष्याच्या पापणीवरचा कण दिसायचा, हा डाग मात्र आज दिसला.

प्राची पडद्याजवळ सरकली. "बाबा, पक्षी उडाला की आई साडी खाली करायची ना? 'गावलो पक्षी?' म्हणून बघायची तुमच्याकडे. तेव्हा तुमचा कॅमेरा खटखट चालूच असायचा. मी ऐकलंय कितीदा."

"असायचा."

"मग त्यात ती आली असेल की."

"यायची." तुळशीदासांनी स्टूल ओढलं आणि बसले. "पक्षी गेला की फोकस मागे तिच्यावर बसायचा. अगदी स्वच्छ. केस विस्कटलेले, घामाने कुंकू पसरलेलं, आणि हसत असायची. एकेका सकाळी असे कितीतरी निघायचे."

"मग ते कुठायत?"

"त्यात पक्षी नसायचा ना, बाळा. तिथल्या तिथे डिलीट करायचो."

"सगळे?"

तुळशीदास त्या चार बोटांकडे बघत राहिले.

"ती शेजारी येऊन बघायची. म्हणायची, 'एखादो तरी रवांदेत.' मी म्हणायचो, ठेवायला कार्डात जागा नाही."