काचघरातलं माकड

काचघरातला पंखा रात्रीतून बंद पडतो तो माकडांमुळे, हे जयसिंहरावांनी घरात सगळ्यांना पटवून दिलं होतं. फक्त सूनबाईंना पटलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी धुकं हटायच्या आत सोनल साबणाच्या पाण्याची बादली आणि फडकं घेऊन थेट काचघरात शिरली.

बाहेर पाऊस नव्हता. आत होता. काचेच्या छतावरून थेंब ओघळत होते, कुंड्यांवर पडत होते, आणि त्यांच्या मधोमध वेताच्या खुर्चीत जयसिंहराव गळ्याला मफलर गुंडाळून, डोक्यावर छत्री उघडून बसले होते.

"माकडानं आज प्लगसुद्धा काढला," सोनल म्हणाली. "आणि वायर नीट गुंडाळून ठेवली. समजदार माकड आहे."

"पलीकडच्या माधवगंज मोहल्ल्यातलं असेल," जयसिंहराव म्हणाले. "आपल्याकडची इतकी मेहनत नाही करत."

सोनलने बादली खाली ठेवली. काचघर तिच्या सासूबाईंचं, शालिनीताईंचं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची नेची आणि बिगोनिया सोनलने उन्हाळाभर जगवली होती, छताच्या काचांना चुना फासून, फरशीवर पाणी मारून. लूच्या गरम झळांमध्ये जे मेलं नाही ते आता थंडीत सडत होतं. रात्रभर कोंडलेली वाफ छताला लागून पाणी व्हायची, पानांवर ठिबकायची, आणि पानं काळी पडायची. ती ओल बाहेर फेकायलाच तिच्या नवऱ्याने, युवराजने, हा पंखा बसवला होता. हवा दमट झाली की आपोआप सुरू होणारा. प्लग लावलेला असला तर.

"हे बघा." सोनलने एका बिगोनियाला नुसतं बोट लावलं. देठ तिच्या हातात आलं. "आईसाहेबांच्या हातचं होतं. अजून थोडे दिवस असंच चाललं ना, तर सगळं खतम."

जयसिंहरावांनी देठाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "पंख्याचा आवाज फार होतो."

"तुम्हाला?"

जयसिंहरावांनी कानातलं मशीन चाचपलं. शालिनीताई होत्या तोवर ते डबीतच असायचं. आता ते रोज आठवणीने लावत.

"बरं, निदान काचा तरी पुसून घेते." सोनलने फडकं पिळलं आणि ती कोपऱ्याकडे वळली.

"ती नको."

जयसिंहराव उठले ते इतक्या घाईने, की छत्री कलंडली आणि तिच्यावरचं सगळं पाणी त्यांच्याच मफलरवर आलं.

"कोणती?"

"ती. कोपऱ्यातली."

सोनलने पाहिलं. बाकीच्या काचा वाफेने पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. कोपऱ्यातल्या काचेवर मात्र काही रेघांवर वाफ धरलेली नव्हती, आणि त्या रेघांची अक्षरं झाली होती. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांवर ती हे अक्षर रोज पाहत होती.

खिडकी उघडा.

खाली एक ठसठशीत रेघ.

"मला ओरडून ओरडून घसा बसायचा त्यांचा," जयसिंहराव म्हणाले. "मग लिहायच्या. डोक्याला तेल लावून तशाच इथे यायच्या. बोटाचं तेल काचेला धरून राहिलंय. वाफ आली की दिसतं. पंखा लागला की जातं."

"आणि ही रेघ?"

"पहिल्या खेपेला मी न वाचल्यासारखं करायचो."

सोनलने फडकं बादलीत टाकलं. "म्हणजे, खिडकी उघडा हे वाचायला मिळावं म्हणून तुम्ही खिडकी उघडत नाही."

"तुमच्या सासूबाईंचं मी लगेच ऐकलंय कधी?"

छतावरून एक थेंब दोघांच्या मध्ये पडला. सोनल हसली नाही. तिने हातातलं देठ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"त्यांनी झाडांसाठी लिहिलं होतं, आबासाहेब."

जयसिंहराव ते देठ उलटंसुलटं करून पाहत राहिले. मग त्यांनी छत्री मिटली आणि भिंतीला टेकवलेला भाला उचलला. भाला घराण्यातला. तो कुठल्या लढाईत कोणाला लागला हे घरात कोणीच सांगू शकत नसे. छताच्या खिडकीचा खटका मात्र त्याच्या टोकाने एका दणक्यात निघायचा.

तसा तो निघाला. वरून गार हवा आत उतरली आणि रात्रभराची वाफ पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वर निघून गेली. प्लगही त्यांनी स्वतःच लावला. पंखा घरघरू लागला. कोपऱ्यातली काच कडेकडेने निवळत गेली. आधी रेघ गेली, मग अक्षरं. काच नुसती काच राहिली, आणि पलीकडचं आवळ्याचं झाड दिसायला लागलं.

"घ्या. उघडली," जयसिंहराव त्या काचेला म्हणाले. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, पुसलं, डबीत घातलं आणि डबी खिशात.

"चहा आणू?" सोनलने विचारलं.

जयसिंहराव आवळ्याकडे बघत होते.

"आबासाहेब, चहा?"

दाराजवळच्या काचेपर्यंत पंख्याचा वारा अजून पोचला नव्हता. सोनल तिथे गेली, बोटाने तिने वाफेत लिहिलं: चहा. आणि काचेवर टकटक केलं, तशी काच थरथरली.

जयसिंहरावांनी मान वळवून पाहिलं. मग पुन्हा आवळ्याकडे बघायला लागले.

सोनलने खाली एक रेघ ओढली.