जायबंदी प्रतिस्पर्धी

"ज्याच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, नेमकी त्याच्याशीच या बॉक्सरनं लढत ठरवली," टोले म्हणाले. "याला विजेता म्हणायचं?"

समोरच्या खुर्चीतल्या समालोचकांनी तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही. टोले मनातल्या मनात मोजू लागले. एक, दोन, तीन.

ही त्यांची जुनी सवय. मुष्टियुद्धाच्या हॉलमध्ये टाइमकीपर म्हणून त्यांची सगळी हयात गेली होती. राउंडची घंटा वाजवायची, आणि कुणी आडवा झाला की पंचासाठी मोजणी सुरू करायची. त्या टोल्यांवरूनच त्यांना हे नाव पडलं. खरं आडनाव बहुधा पेन्शनच्या कचेरीलाच ठाऊक असावं.

त्याच हॉलमध्ये, शेजारच्या टेबलाशी, समालोचक माइक घेऊन बसायचे. रेडिओवर त्यांचा आवाज घराघरात पोचलेला. पण लढत संपली, माइक बंद झाला, तरी जीभ थांबायची नाही. चहाला कुणी वाद घातला की तीन वाक्यांत तो गारद, वर चारचौघांत त्याचं हसं. टोल्यांना तर त्यांच्यापुढे एकही वाद कधी जिंकता आला नव्हता. नंतर नंतर लोक त्यांच्या टेबलापासून लांबच बसू लागले. रोज रोज कोण हरणार?

मागच्या वर्षी समालोचकांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, वाचा मात्र अडखळत राहिली. टोले एकदा विचारपूस करायला म्हणून गेले. मुष्टियुद्धाच्या सध्याच्या विजेत्याचा विषय निघाला, वाद झाला आणि टोले जिंकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा गेले. तेव्हापासून एकही दुपार चुकली नव्हती.

आठ, नऊ, दहा. मुद्दा टोल्यांचा झाला.

"त्याच्या आधीचा बघा," ते जोरात आले. "अडतिशी उलटलेला, गुडघ्याला पट्टी. त्याच्या आधीचा वजन उतरवता उतरवता अर्धा झालेला. सगळे असे लंगडेलुळेच कसे सापडतात हो याला?"

"समोरच्याला... कुणी... बळजबरी..."

"बळजबरी नाही. पण तो नाही कशाला म्हणेल? विजेत्याशी लढायची संधी पुन्हा कोण देतंय?"

"म्हणजे... निवड... त्याचीही..." समालोचकांचा शब्द अडकला. नेमका घाव बसायची वेळ आली की त्यांचा शब्द हटकून अडकायचा. टोल्यांच्या ते लक्षात आलं होतं, आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, त्यांना ते आवडायचं.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पुतणी सकाळी येऊन स्वयंपाक करून जायची, एवढाच काय तो राबता. आज टोले आले तेव्हा दाराआडून रेडिओ बोलत होता, बेल वाजताच तो बंद झाला. टेबलावर दोन कप आधीच मांडून ठेवलेले होते.

टोल्यांच्या घरी तेवढंही नव्हतं. बायको गेल्यापासून घरात बोलणारा म्हणजे कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांच्या पलीकडे जायचा नाही.

"घाबरतो तो," टोले म्हणाले. "धडधाकट माणूस समोर आला की याला तारीख सापडत नाही. अहो, ज्याला हातच धड उचलता येत नाही, त्याला हरवण्यात कसला पुरुषार्थ?"

समालोचकांनी कप खाली ठेवला. टोल्यांना आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि त्यांचे कान तापले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते हे असं.

चहा अर्धा टाकून ते उठले.

"उद्या... याल?" समालोचकांनी विचारलं.

"नाही." टोल्यांनी चपलांकडे बघत सांगितलं. "खरं सांगू का? तुम्ही चांगले बोलत होतात तेव्हा तुमच्यापुढे माझी दातखीळ बसायची. आता रोज येतो, तुम्हाला हरवतो आणि खुशीत घरी जातो. त्या विजेत्याला नावं ठेवतोय, आणि मी तरी काय करतोय? त्याला निदान समोरून ठोसा तरी बसू शकतो."

"तसं... नाही..."

"तसंच आहे. तुमचा मोठेपणा की तुम्ही दार उघडता. तुम्ही आधी बरे व्हा. मग येईन, बरोबरीनं भांडू."

समालोचकांचा चेहरा पडला. त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला, अर्धवट उठले, पुन्हा बसले.

टोल्यांनी चपला घातल्या. उद्याची दुपार त्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्यानंतरच्या सगळ्या दुपारी आल्या. कुणीतरी थांबवावं असं त्यांना फार वाटत होतं, पण ज्याच्याशी आपण असे वागलो त्याच्याकडून ती अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? त्यांनी कडी काढली.

"टोले, मुकाट्यानं आत या आणि बसा," मागून समालोचक एका दमात, कुठेही न अडखळता म्हणाले. "मी धड बोलत होतो तेव्हा या दाराकडे कुणी फिरकत नव्हतं."