लग्नाची रजा

तो प्रोग्रॅम लिहायचा आणि ती त्यातल्या चुका काढायची. चुका काढता काढताच दोघांचं जमलं आणि घरच्यांनीही फारसे आढेवेढे न घेता लग्नाची तारीख धरली. तिची रजा लगेच मंजूर झाली. त्याने अर्ज केला, तर स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली : ‘एका टीममधल्या दोघांना एकाच दिवशी रजा मिळणार नाही.’ ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये हा नियम त्यानेच घातला होता.

तो साहेबांकडे धावला.

“मग बदल की नियम,” साहेब म्हणाले, “पण रीतसर. तपासणी झाल्याशिवाय काही चालू करायचं नाही.”

संध्याकाळी त्याने घाईघाईने दोन ओळी बदलल्या आणि तिच्या घरी फोन लावला. ती पाहुण्यांच्या गराड्यात होती.

“अगं, तेवढं तपासून दे ना. नाहीतर लग्नाला मी नसेन, आधीच सांगतो.”

ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ फोनवर नुसती टकटक ऐकू येत राहिली.

“काय गं, झालं का?”



“तुझी रजा मंजूर झाली रे,” ती म्हणाली, “पण माझी रद्द झाली.”