फिरलेलं जनावर

"जनावर फिरलं, एवढंच म्हण आणि मोकळी हो," प्राचार्य म्हणाले.

बारकी टेबलासमोर उभीच राहिली. तिचे केस वाऱ्याने विस्कटलेले होते आणि लगामाचे लाल वळ मनगटांवर अजून ताजे होते. ड्रॅगनस्वारांच्या त्या युद्धविद्यालयात ती सगळ्यांत बुटकी, म्हणून बारकी. आणि सगळ्या परीक्षांत पहिली, म्हणून आज सकाळी तुकडीच्या पुढे. दोन वर्षं गवताच्या झोपड्या जाळून झाल्या होत्या. आज पहिल्यांदाच खरं गाव होतं, नदीपलीकडचं. सहा ड्रॅगन गेले आणि सहाही हात हलवत परत आले. गावातली एक काडीसुद्धा जळली नव्हती.

कारण शोधायला कुणा पंडिताची गरज नव्हती. पुढच्या ड्रॅगनने आग ओकली की मागचे ओकतात. पुढचा गप्प, तर मागचे गप्प. आणि पुढे होती काजळी, बारकीची काळी मादी.

काजळी आता खाली अंगणात साखळीला बांधलेली होती. दोन भालेवाले तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते. हुकूम न मानणाऱ्या ड्रॅगनला तिथे 'फिरलेला' म्हणत, आणि फिरलेल्याला सूर्यास्त बघू देत नसत. घशाखाली जिथे खवले नसतात तिथे एक भाला पुरतो.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, निदान त्यांच्या स्वतःच्या मते तरी. पहिली आलेली पोर त्यांना हातची घालवायची नव्हती. त्यांनी कागद पुढे सरकवला. मजकूर तयार होता, खाली फक्त सही हवी होती.

"उद्या तुला नवा देतो. पांढरा, तरणाबांड. हिच्या दुप्पट दमाचा."

बारकीने खिडकीतून खाली पाहिलं. काजळी भालेवाल्याच्या बुटाचा वास घेत होती. मूर्ख बाई, कुणाशीही सलगी करायची. बारकीला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर रागही आला.

"जनावर नाही फिरलं, सर. मी फिरले."

प्राचार्यांनी लेखणी खाली ठेवली.

"पहाटे तिच्या चाऱ्याच्या कोळशात मी ओली माती कालवली. दोन घमेली."

ओली माती म्हणजे काय, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. म्हातारा ड्रॅगन कामातून काढायचा झाला की त्याला ती चारत. पोटातली आग कायमची विझते, आणि मग तो उरलेलं आयुष्य गुमान ओझी वाहतो.

"तिनं तोंड उघडलं, पण आत काही असेल तर निघेल ना? तिचा काय दोष?"

"चुकून कालवलीस," प्राचार्य म्हणाले. ते अजूनही तिला वाट काढून देत होते.

"चाऱ्याच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी आहेत, सर. तुम्हीच दिलेत. चुकून कशी कालवीन? मला ते गाव जाळायचं नव्हतं. छपरांवर दुपटी वाळत होती तिथं, तान्ह्या पोरांची. उद्या पाठवा, उद्याही नाही जाळणार. पांढऱ्यावर बसवा नाहीतर हिरव्यावर."

आता मात्र प्राचार्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी कोठीवाल्या काकांना बोलावलं. काका तीस वर्षं ड्रॅगनना चारत आले होते. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोळशाचा एक खडा कोठीबाहेर पडत नसे.

"मातीचं पिंप बघून या."

काका गेले आणि धापा टाकत परत आले. त्यांनी बारकीकडे पाहिलं. बारकीने नजर वळवली नाही.

"अर्धं झालंय, साहेब."

मग सगळं भराभर उरकलं. प्राचार्यांनी तिच्या छातीवरचा बिल्ला स्वतःच्या हाताने उपटला, तेव्हा अंगरखाही फाटला. सात वर्षं खाणीत. काजळी ओझ्याच्या कामाला, डोंगरावर दगड वाहायला. भालेवाल्यांना परत पाठवलं.

"तोंड वर करून बोलायची हौस खाणीत फिटेल तुझी," प्राचार्य म्हणाले.

"बघू या," बारकी म्हणाली, आणि सलाम न करताच वळली.

तिला गाडीपर्यंत पोचवायचं काम काकांकडेच आलं. पहारेकरी दहा पायऱ्या पुढे होता. जिन्याच्या वळणावर काकांनी तिचा दंड धरला.

"पिंप काठोकाठ भरलंय, पोरी. मला खोटं बोलायला लावलंस. तुला गाडीत बसवलं की पहिलं जाऊन तिला माती चारतो, म्हणजे उद्या कुणी तपासलं तरी भागेल. पण पहाटेपासून उड्डाणापर्यंत मी तिच्याजवळून हललो नव्हतो. तिच्या पोटात शुद्ध कोळसा होता, अख्खं गाव राख झालं असतं."

"माहीत आहे."

"मग हे जाळायचं नाही म्हणून तू ठरवलंस तरी कधी?"

"आत्ता. वर. ते पांढरा देतो म्हणाले तेव्हा."

काकांनी तिचा दंड सोडला. खाली पहारेकऱ्याने हाक मारली. बारकीने फाटका अंगरखा मुठीत धरला आणि एक पायरी उतरली.

"गावावर होतो तेव्हा मी तिला तीनदा टाच मारली, काका. तीनदा ओरडले, जाळ म्हणून. तिनंच नाही ऐकलं."