एकतीस वर्षांचे ओरखडे

"अगदी नवी दिसली पाहिजे," ती म्हणाली. "काल दुकानातून आणल्यासारखी."

दुरुस्तीवाल्याने गिटार मांडीवर घेतली आणि उजेडाकडे वळवली. गोल भोकाच्या खालचं पॉलिश पार उडालं होतं. नखं घासून घासून तिथे बशीएवढा फिकट डाग पडला होता.

"शिकवता का?"

"हो. घरीच क्लास आहे. या गिटारीलाच एकतीस वर्षं झाली."

"तरीच. सगळीकडे एकच हात दिसतोय." त्याने गिटार पालथी केली. पाठीवर आडवेतिडवे ओरखडे होते. "हे मात्र तुमचे नाहीत. पट्ट्याच्या बकलाचे आहेत."

"नवऱ्याचे. लग्नानंतर त्यांना शिकायची हुक्की आली होती. आठवड्यात उतरली."

"आणि हे? उंदीर?" कडेला चार बारीक खाचा होत्या.

"मुलगा. दात येत होते तेव्हा. आता दाढी आलीय त्याला."

दुरुस्तीवाला हसला. चहाच्या कपाचा पांढरा गोल उमटला होता, त्याबद्दल त्याने विचारलंच नाही. गळ्याजवळच्या तड्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"बाई, हे सगळं घालवायचं तर लाकूड खरवडावं लागेल. आवाज बसेल. मी तडा जोडतो, तारा नव्या घालतो. बाकीचं राहू द्या. कुणाला भेट द्यायचीय का?"

"परत करायचीय," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

गिटार तिची नव्हती. ताईची होती.

वडिलांनी दोघी बहिणींना एकाच दिवशी, एकाच दुकानातून गिटारी आणल्या होत्या. रंग एक, घाट एक, अंगावर ओरखडा म्हणून नाही. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणीही चकलं असतं. ओळख होती ती फक्त गिटारी ठेवायच्या पेट्यांची. ताईच्या पेटीच्या मुठीला निळी फीत होती, धाकटीची पेटी तशीच.

तीन महिन्यांनी कॉलेजची स्पर्धा आली. पहिल्या येणाऱ्याला संगीतशाळेत थेट प्रवेश मिळणार होता. दोघींनी नाव दिलं.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी सकाळी ताई सरावाला बसली आणि धाकटी दाराशीच थबकली. ताईच्या गिटारीची जाडी तार अशी काही घुमत होती, की तिच्यापुढे आपली गिटार म्हणजे नुसता ठोकळा. दुपारी ताई केस धुवायला गेली. धाकटीने दोन्ही पेट्या उघडल्या, गिटारींची अदलाबदल केली, झाकणं लावली. दोन मिनिटांचं काम.

रविवारी धाकटी पहिली आली. ताई मधेच अडखळली, सूर गमावून बसली, आणि खाली मान घालून मंचावरून उतरली.

महिनाभरात तिने गिटार कुठल्याशा मैत्रिणीला देऊन टाकली आणि टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. पुढे जन्मभर कचेरीत फायली हलवल्या. बहिणीच्या संसारात कधी काही कमी पडू दिलं नाही, बाळंतपणंसुद्धा काढली. पण धाकटीचा कार्यक्रम असला की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. का, ते विचारायची धाकटीची हिंमत झाली नाही. उत्तर तिला ठाऊक होतं.

आणि मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला होता.

"मनगटाचं प्लास्टर निघालं. बोटं हलवत राहा म्हणतात. तुझ्याकडे एखादी पडीक गिटार आहे का गं?"

इतक्या वर्षांत गिटार हा शब्द ताईच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला.

चार दिवसांनी तिने पेटी ताईच्या पलंगावर नेऊन ठेवली आणि झाकण उघडलं.

"अगं, ही तर तुझी रोजची!" ताई म्हणाली. "मला पडीक चालली असती."

"ही तुझीच आहे, ताई."

मग ती ताईच्या पायांकडे बघत बोलत सुटली. निळी फीत, शनिवार, दोन पेट्या. एका दमात सगळं सांगून टाकलं. "तुझं गाणं, तुझं सगळंच मी पळवलं. वर झिजवून, फोडून आणून दिलंय. ओरड, मार, काय करायचं ते कर."

बोलून झालं आणि तिला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच लाज वाटली. आता ताईने घराबाहेर काढलं तरी चालणार होतं.

ताई ओरडली नाही. तिने गिटारीच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"कधी म्हणालीस?"

"शनिवारी दुपारी. तू केस धुवायला गेली होतीस."

"त्याच्या आधी कधी हात लावला होतास?"

"नाही. आईशपथ. एकदाच."

ताईने डोळे मिटले. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून धाकटी घाईने पुढे झाली, तर ताई हसत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"ताई, काय झालं? घे ना गं ती."

ताईने झाकण लावलं आणि बऱ्या हाताने पेटी बहिणीच्या मांडीवर ढकलली.

"घरी ने गपचूप," ती म्हणाली. "गधडे, तुझ्या कार्यक्रमाला यायचं तरी कुठल्या तोंडाने, म्हणून मी एकतीस वर्षं घरात बसले. शुक्रवारी तू शिंप्याकडे गेली होतीस ना, तेव्हा मीच दोन्ही गिटारी बदलून ठेवल्या होत्या."